आनंदी चित्राला राखाडी रंग का लागतो

नागपूरच्या प्रताप नगर, खामला, त्रिमूर्ती नगर या पट्ट्यातल्या फ्लॅटांमध्ये सोफ्यामागची भिंत रिकामी ठेवायची पद्धत आता राहिलेली नाही. तिथे टेक्स्चर पेंटिंग हवे असते, आणि तेही ‘पॉझिटिव्ह’. त्याची कृती जवळपास ठरलेली आहे: कॅनव्हासवर मॉडेलिंग पेस्टचा जाड थर थापायचा, वर पिवळा, नारिंगी, गुलाबी रंग ट्यूबमधून थेट काढून पॅलेट नाइफने ओढायचा, आणि सूर्य किंवा फुले उमटवायची. या कृतीमागे तीन समजुती असतात. रंग जितका भडक तितके चित्र आनंदी. थर जितका जाड तितका पोत चांगला. आणि अ‍ॅक्रिलिक हे हौशी लोकांचे प्लास्टिक, त्यामुळे फार विचार करायचे कारण नाही. तिन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि तिन्हींचे मूळ एकच आहे. आनंद हा सामानातच भरलेला असतो, आपण तो फक्त कॅनव्हासवर ओतायचा, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात चित्रातला उजेड चित्रकाराला घडवावा लागतो.

शेवटच्या समजुतीचे उत्तर नागपूरकरांनी लांब शोधायला नको. सय्यद हैदर रझा 1939 ते 1943 या काळात नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. फ्रान्समध्ये स्थायिक झाल्यावर त्यांची सुरुवातीची प्रसिद्धी तैलरंगांच्या जाड थरांवर उभी होती. 1962 साली ते अमेरिकेत बर्कली इथे शिकवायला गेले, आणि त्यानंतरच्या काळात त्यांनी अ‍ॅक्रिलिक हाती घेतले ते कायमचे. 2010 मध्ये लंडनच्या लिलावात सोळा कोटींवर गेलेले ‘सौराष्ट्र’ (1983) आणि 2023 मध्ये मुंबईत 51.75 कोटींना विकले गेलेले ‘जेस्टेशन’ (1989) ही दोन्ही चित्रे अ‍ॅक्रिलिकची आहेत. किंमत हा कलेचा पुरावा नव्हे, हे मान्य. पण माध्यम हलके असल्याच्या समजाला एवढे उत्तर पुरेसे आहे. टिकण्याचे म्हणाल तर जवसाच्या तेलातले रंग वर्षांगणिक पिवळट आणि कडक होतात. अ‍ॅक्रिलिकचा थर लवचिक राहतो आणि तितका पिवळा पडत नाही.

भडकपणाचा गैरसमज अधिक चिवट आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरूल यांनी 1839 मध्येच दाखवून दिले होते, की रंग कसा दिसतो हे शेजारचा रंग ठरवतो. लेमन यलोच्या बाजूला ऑरेंज, त्याच्या बाजूला गुलाबी, असे सगळेच ओरडू लागले की कोणाचेच ऐकू येत नाही. त्याच पिवळ्याच्या कडेला निळसर राखाडी ठेवा, म्हणजे रंग तोच राहून उजेड वाढतो. रझांच्या चित्रांतला तांबडा आणि केशरी धगधगतो तो मधल्या काळ्या बिंदूमुळे. यावर कोणी म्हणेल, लहान मुलांच्या चित्रांत कुठे असतो राखाडी? नसतो खरा, पण तिथे निम्मा कागद पांढरा सुटलेला असतो आणि विसाव्याचे काम तोच करतो. दुसरी मेख अ‍ॅक्रिलिकच्या घडणीत आहे. ओला असताना त्यातला रंगकण बांधून ठेवणारा बाइंडर दुधाळ असतो, वाळल्यावर पारदर्शक होतो. म्हणून रंग वाळल्यावर गडद दिसतो. घाबरून त्यात पांढरा मिसळला की रंग खडूसारखा फिका पडतो. आणि निऑन रंग? त्यांचे तेज उन्हात सर्वांत आधी उडते. नागपूरच्या पश्चिमेच्या खिडकीसमोर तर त्यांना टांगूच नये.

आता पोत. पोत म्हणजे उंचवटा आणि त्याची सावली. जाडी हे त्याचे फक्त एक साधन. 1924 साली नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने तैलरंगाचे पातळ थर चढवत, खरवडत. त्यांच्या कॅनव्हासवर बोटाच्या पेराएवढा थर कुठेच नाही, तरी पृष्ठभाग आतून उजळल्यासारखा दिसतो. अ‍ॅक्रिलिकमध्ये याच जातीचा परिणाम साधायचा सोपा मार्ग आहे. पांढरी पेस्ट दोन-तीन मिलिमीटरच्या थरांत लावून पूर्ण वाळू द्यायची, मग पातळ, पारदर्शक पिवळा वरून फिरवायचा. तो खळग्यांत साचतो, उंचवट्यांवर विरळ राहतो, आणि खालचा पांढरा त्यातून प्रकाश परत फेकतो. एकच रंग, पण त्याच्या दहा छटा मिळतात.

इथे आपल्या हवामानाचा हिशेब करावा लागतो. ‘अ‍ॅक्रिलिक दहा मिनिटांत वाळते’ हे पातळ थरापुरते खरे आहे. जाड थर वरून वाळतो, आत मात्र कित्येक दिवस, कधी काही आठवडे ओला राहतो. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे गेलेला असताना पंख्याखाली ठेवलेल्या पेस्टची साय झपाट्याने धरते, आतले पाणी नंतर सुटते, थर आक्रसतो आणि भेगा पडतात. कूलरच्या दमट हवेत, पण थेट झोताबाहेर, कॅनव्हास सावकाश वाळू दिला तर हे बरेच टळते. डिसेंबरातल्या रात्री गच्चीवर चित्र ठेवणेही धोक्याचे, कारण साधारण दहा अंशांखाली बाइंडरचे कण नीट एकजीव होत नाहीत. पीओपी आणि फेव्हिकॉलची घरगुती पेस्ट प्लायवर चालून जाते. ताणलेल्या कॅनव्हासवर ती ताठ पडते आणि तडकते. पैसे वाचवायचे असतील तर कॅनव्हास सोडून प्लाय घ्यावा, हा सरळ उपाय.

राहिला सर्वांत गंभीर आक्षेप: आशावादी चित्र म्हणजे दुःखाकडे पाठ, सजावट. सजावटीचा माल बाजारात पुष्कळ आहे, त्यामुळे आक्षेप अगदीच हवेतला नाही. पण तो आशेवर नसून आळसावर लागू पडतो. फाळणीनंतर रझांची भावंडे पाकिस्तानात गेली, आयुष्यातली साठ वर्षे त्यांची परदेशात सरली, पत्नी 2002 मध्ये गेली. तरी शेवटपर्यंत रंग उजळच राहिले. व्हॅन गॉगच्या 1888 च्या सूर्यफुलांतली काही फुले माना टाकलेली, पाकळ्या गळालेली आहेत, आणि त्या चित्राला कोणी उदास म्हणत नाही. अंधार माहीत असलेल्या माणसाने मांडलेला पिवळा वेगळा दिसतो, कारण त्याच्या शेजारी काय ठेवायचे हे त्याला ठाऊक असते.

तेव्हा पुढच्या वेळी सामान आणताना एक पिवळी ट्यूब कमी आणि एक पेन्स ग्रे, म्हणजे निळसर राखाडी, जास्त घ्या. आणि चित्र समोरच्या ट्यूबलाइटखाली टांगू नका. तो उजेड सरळ पडून सगळे उंचवटे सपाट करतो. खिडकीलगतच्या भिंतीवर, प्रकाश कडेने येईल असे ते लावा.