भाजण्याची टक्केवारी : अर्थ आणि मर्यादा

प्रस्तावना

'स्टोव्हच्या भडक्यात विवाहिता ८० टक्के भाजली' अशा स्वरूपाची बातमी मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला अपरिचित नाही. टक्केवारी वाचताच पुढची बातमी काय असणार हे वाचक मनोमन ठरवून टाकतो. रुग्णालयाच्या आवारात जमलेले नातेवाईकही बहुधा तेच करतात. रुग्णाला मोठ्या शहरातील जळीत विभागात हलवावे की नाही, त्यासाठी कर्ज काढावे की नाही, असे निर्णय या एका आकड्यावर होत असतात. वैद्यकशास्त्रात मात्र हा आकडा केवळ भाकितासाठी काढला जात नाही. तो कशासाठी काढतात, त्यावरून काय कळते आणि काय कळत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

टक्केवारी कशी काढतात?

शरीराच्या एकूण पृष्ठभागापैकी भाजलेल्या भागाचे प्रमाण म्हणजे ही टक्केवारी. ती झटपट काढण्यासाठी वॉलेस यांनी १९५१ मध्ये मांडलेला 'नवाचा नियम' आजही वापरला जातो. प्रौढ व्यक्तीचे डोके व मान मिळून ९ टक्के, प्रत्येक हात ९, धडाची पुढील बाजू १८, मागील १८, प्रत्येक पाय १८ आणि जननेंद्रियांचा भाग १. तान्ह्या मुलाचे डोके प्रमाणाने मोठे व पाय लहान असल्याने त्याच्यासाठी लुंड व ब्राउडर यांचा १९४४ चा तक्ता पाहावा लागतो. नुसती लाल झालेली त्वचा या हिशेबात धरावयाची नसते. घाईत ती धरली जाते आणि आकडा फुगतो.

टक्केवारी जखमेची खोली सांगत नाही, ही तिची पहिली मर्यादा. वरवर भाजलेले ३० टक्के आणि त्वचेची पूर्ण जाडी जळालेले ३० टक्के यांत फार मोठे अंतर आहे. रुग्णाच्या शुद्धीविषयीही ती काही सांगत नाही. आगीचा मेंदूवर थेट आघात झालेला नसल्यामुळे अतिगंभीर रुग्णही पहिल्या काही तासांत पुष्कळदा बोलतो, पाणी मागतो, नावे सांगतो. मृत्युपूर्व जबाबाच्या संदर्भात हा मुद्दा न्यायालयांसमोर वारंवार आलेला आहे. २०१५ मध्ये विजय पाल खटल्यात १०० टक्के भाजलेल्या स्त्रीचा तोंडी जबाब सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य मानला. एवढे भाजलेली व्यक्ती बोलूच शकत नाही, हा बचाव तेथे टिकला नाही.

आकड्याचे मूळ प्रयोजन

त्वचा जळाली की केशवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात आणि रक्तातील द्रव ऊतींमध्ये उतरतो. १९२१ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथील रियाल्टो नाट्यगृहाच्या आगीतील रुग्णांचा अभ्यास करताना फ्रँक अंडरहिल यांना असे आढळले, की फोडांतील पाणी घटकांच्या दृष्टीने रक्तद्रवासारखेच असते. म्हणजे रुग्ण रक्त न सांडताही रक्तद्रव गमावत असतो. बोस्टनमधील कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला २८ नोव्हेंबर १९४२ रोजी लागलेल्या आगीत ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेतील रुग्णांवर उपचार केल्यानंतर ऑलिव्हर कोप व फ्रान्सिस मूर यांनी या द्रवहानीचा पद्धतशीर अभ्यास केला. भाजलेला पृष्ठभाग जितका मोठा तितकी हानी मोठी, म्हणून टक्केवारी काढावयाची.

१९६८ मध्ये बॅक्स्टर व शायर्स यांनी मांडलेल्या पार्कलंड सूत्रावरून हे स्पष्ट होते. वजनाच्या दर किलोमागे आणि भाजलेल्या दर टक्क्यामागे ४ मिलिलिटर रिंगर लॅक्टेट पहिल्या २४ तासांत द्यावयाचे आणि त्यातील निम्मे पहिल्या ८ तासांत. ५० किलो वजनाची स्त्री ४० टक्के भाजली असेल तर एकूण ८ लिटर, पहिल्या ८ तासांत ४ लिटर. हे तास भाजल्याच्या क्षणापासून मोजावयाचे असतात, रुग्णालयात पोहोचल्यापासून नव्हे! गावातून निघून जीप बदलत ती ५ तासांनी जिल्हा रुग्णालयात पोहोचली आणि वाटेत शिरेतून काहीच दिले गेले नसेल, तर सूत्रानुसार ४ लिटरसाठी ३ तासच उरतात. जादा द्रवामुळेही अपाय होतो हे पुढे लक्षात आले. त्यामुळे आता अनेक ठिकाणी प्रौढांना २ मिलिलिटरच्या हिशेबाने सुरुवात करून लघवीच्या प्रमाणावरून द्रव कमीअधिक करतात. सूत्र बदलले, परंतु टक्केवारी उपचाराची मात्रा ठरविण्यासाठीच राहिली.

जगण्याची शक्यता

भाकिताचे प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. फ्रान्समधील बो यांनी १९६१ मध्ये वय आणि टक्केवारी यांची बेरीज हा निर्देशांक सुचविला. बेरीज १०० च्या घरात गेली की त्या काळी आशा जवळजवळ सोडली जाई. सुसज्ज केंद्रांत आज असे अनेक रुग्ण वाचतात. धुराने श्वसनमार्गाला इजा झाली असेल तर त्या बेरजेत १७ मिळवावेत, अशी दुरुस्ती २०१० मध्ये आली. मधल्या काळात उपचारच पालटले होते. युगोस्लाव्हियातील मारिबोर येथील झोरा यान्झेकोविच यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनुसार जळालेली त्वचा गळून पडण्याची वाट न पाहता ती पहिल्या काही दिवसांतच थराथराने काढून लगेच त्वचारोपण करतात. जंतुसंसर्गाला त्यामुळे अवसर कमी मिळतो.

बोस्टनमधील १६६५ रुग्णांचा १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. त्यात मृत्यूचा धोका वाढविणारे तीन घटक निघाले : ६० पेक्षा अधिक वय, ४० पेक्षा अधिक टक्के भाजणे आणि धुराची इजा. एकही घटक नसेल तर मृत्यूची शक्यता ०.३ टक्के, एक असेल तर ३, दोन असतील तर ३३ आणि तिन्ही असतील तर सुमारे ९० टक्के. धुराची इजा नसलेल्या, ४५ टक्के भाजलेल्या तरुणीला तेथे केवळ एकच घटक लागू पडतो.

हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. 'लॅन्सेट' मध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात २००१ या एका वर्षात आगीमुळे सुमारे १,६३,००० मृत्यू झाले. त्यांपैकी १,०६,००० स्त्रिया होत्या आणि बहुतेकींचे वय १५ ते ३४ होते. म्हणजे वयाच्या निकषावर ज्या वाचावयास हव्यात, त्याच येथे सर्वाधिक दगावतात. याचे कारण एकट्या टक्केवारीत शोधणे अपुरे ठरते. उशीर, जंतुसंसर्ग, जळीत विभागांची टंचाई आणि त्वचेचा तुटवडा यांकडेही पाहावे लागते. शेवटच्या अडचणीवर मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने २००० मध्ये त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत त्वचा घेता येते, ती ग्लिसरॉलमध्ये टिकते आणि रक्तगट जुळण्याची आवश्यकता नसते. नेत्रदानाइतकी ही गोष्ट आपल्या समाजात रुजलेली नाही.

वाचल्यानंतर

७० टक्के वा त्याहून अधिक भाजून वाचलेल्या मुलांचा मोठेपणी अभ्यास केला असता, काहींना शारीरिक अडचणी उरल्या तरी बहुतेकांचे जीवनमान समाधानकारक असल्याचे अमेरिकेत २००० मध्ये दिसून आले. नियमित पाठपुरावा आणि कुटुंबाची साथ हे त्यातील मोठे घटक होते. दवाखान्यातून सुटलेल्या स्त्रीला सासरी वा माहेरी थारा मिळेल की नाही, हाच जेथे प्रश्न असतो तेथे हा निष्कर्ष वाचताना थबकावे लागते. तिची मान छातीकडे आक्रसू नये म्हणून व्यायाम, पट्टे आणि पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया यांची गरज असते. घरी परतल्यावर त्याचा खर्च कोण करणार?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ॲसिड हल्ल्यातील पीडितांचा स्पष्ट उल्लेख आहे. स्टोव्हने भाजलेल्यांचा तसा स्वतंत्र उल्लेख नाही. आक्रसलेल्या हातामानेसह अशा स्त्रीला हालचालींच्या दिव्यांगत्वाच्या निकषांत बसावे लागते, आणि नोकरीतील आरक्षणासाठी तेथे किमान ४० टक्के भरावे लागतात.