वरळीचे नाखवे आणि आपण ऊसवाले



कृषी पर्यटनाचे वारे आता सगळीकडेच वाहू लागले आहे. राज्य शासनाने २०२० साली त्याचे धोरण जाहीर केले. तेव्हापासून हुरडा पार्टी, गुऱ्हाळ दाखवणे, बैलगाडीतून शिवारफेरी असले उद्योग जागोजागी निघाले. "आपणही चार खोल्या बांधून टाकाव्या का?" असे सभासद आम्हाला विचारतात. त्याआधी एका गावाची हकीकत वाचा. गाव मुंबईत आहे, अन् तिथे उसाचे कांडेही पिकत नाही.

वांद्र्याहून सागरी सेतूवरून मुंबईत शिरताना डाव्या हाताला, वरळीच्या टोकावर एक जुना किल्ला दिसतो. त्याला चिकटून दाटीवाटीने घरे आणि समोर नांगरलेल्या होड्या. तो वरळी कोळीवाडा. मुंबई सात बेटांची होती तेव्हापासून ही वस्ती मासळीवर जगते. आणि विशेष म्हणजे तिथेही कारभार सहकाराचाच आहे. वरळी कोळीवाडा नाखवा मत्स्य व्यवसाय सहकारी सोसायटी आणि वरळी मच्छीमार सर्वोदय सहकारी सोसायटी अशा दोन संस्था तिथे आहेत. नाखवा म्हणजे होडीचा मालक. आपण उसाचे सभासद, ते मासळीचे.

सरकारी कागदात "शाश्वत व्यवसाय" असा जड शब्द येतो. त्याचा अर्थ साधा आहे: मुद्दलाला हात न लावता व्याजावर जगायचे. आपले मुद्दल जमीन आणि पाणी. नाखव्याचे मुद्दल समुद्र, आणि त्याचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही. म्हणून ते राखणे जास्त अवघड.

ते राखायचे कसे? आपला गळीत हंगाम असतो तसा त्यांचाही हंगाम असतो. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो हे एक कारण, आणि पुष्कळशा मासळीचा अंडी घालण्याचा तो काळ, हे दुसरे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि मग होड्या लोटायच्या, ही रीत कायद्याच्या कितीतरी आधीची. राज्याचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला १९८१ साली.

२०२३ साली शासनाने आणखी एक पाऊल टाकले. ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटाला १३५ मिलिमीटर. म्हणजे वीतभरसुद्धा नाही, तरी त्याहून लहान पिल्लू पकडायचे नाही. त्याच वर्षी पापलेट हा राज्यमासा म्हणूनही जाहीर झाला. कोवळा ऊस तोडला की वजन मिळत नाही आणि उताराही पडतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पिल्लू पापलेटाचे तसेच आहे, बरं का. फरक इतकाच की उसाचा खोडवा तरी फुटतो. अंडी घालण्याआधीच मासा जाळ्यात गेला तर पुढल्या साली काय फुटणार?

आता मुख्य गोष्ट. मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंत सागरी किनारा रस्ता बांधायचे काम २०१८ साली सुरू झाले. समुद्रात भराव पडला. वरळीची नाखवा सोसायटी आणि इतर काही जण उच्च न्यायालयात गेले. जुलै २०१९ मध्ये न्यायालयाने प्रकल्पाची किनारा नियमन परवानगी रद्द केली. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा चालू झाले.

इथे बरेच जण हात टेकतात. नाखव्यांनी मात्र एकच मुद्दा धरून ठेवला. हा रस्ता सागरी सेतूला जोडणारा पूल त्यांच्या क्लीव्हलंड बंदराच्या तोंडावरून जाणार होता. दोन खांबांत अंतर ठेवले होते ६० मीटर. साहेबलोकांचा हिशोब असा, की होडी असते चार-पाच मीटर रुंद, तिला ६० मीटर भरपूर झाले. कागदावर हा हिशोब बरोबर आहे. पण होडी म्हणजे रुळावरची गाडी नव्हे. वारा आडवा, खाली खडक, भरती-ओहोटीची ओढ. होडी सरळ जातच नाही, तिरकी सरकत जाते. इंजिन बंद पडले तर सरळ खांबावर. शेताच्या बांधावरून भरलेली ट्रॉली वळवायला किती जागा लागते ते ट्रॅक्टरवाल्यालाच कळते, तसेच हे. त्यांनी २०० मीटर मागितले, समुद्रात होड्या आडव्या घालून काम अडवले. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये एक खांब वगळून अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. मागितले तेवढे मिळाले नाही, पण दुप्पट मिळाले. आमच्या मते हे यश सोसायट्या होत्या म्हणून आले. सुटा नाखवा असता तर त्याचे कुणी ऐकले असते, असे वाटत नाही. रस्त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला.

आणि पर्यटन? ते या सगळ्याच्या मागून येते. मुंबईत कोळीवाड्यांचे मासळी महोत्सव भरतात. २०२३ साली शेजारच्या माहीम कोळीवाड्यात बचत गटांच्या बायकांनी रांधलेली मासळी खिलवणारे केंद्र महापालिकेने सुरू केले. कल्पना चांगली आहे. टोपलीतला ओला बोंबील आणि ताटातला तळलेला बोंबील यांच्या भावातला फरक कोळणीच्याच हाती पडतो. आपण नुसता ऊस न विकता साखर काढली, त्यातलाच हा प्रकार.

पण पाहुणा बारमाही येतो. त्याला जुलैतही पापलेट हवे असते. मग बर्फातली परकी मासळी आणायची, की "आत्ता सुकट-जवळा खा, पापलेट पौर्णिमेनंतर" असे सांगायचे? दुसरे सांगणे धंद्याला जड जाते, पण तेच खरे. शिवाय पाहुण्याच्या गाडीला जागा हवी, आणि ती बहुधा जाळी विणायच्या अन् बोंबील वाळवायच्या जागेतूनच निघते. होड्याच उभ्या राहिल्या तर कोळीवाड्यात पाहण्यासारखे काय उरले? पाहुणा खातो बोंबील, पण येतो तो चालत्या धंद्यापायी.

आपल्याकडे चार खोल्यांचा प्रश्न यावरूनच तपासावा. खोल्यांना पाणी कुठून देणार, उन्हाळ्यात विहीर आटते तेव्हा उसाला आधी की पाहुण्याला? जेवण घरच्या बायका करणार आणि पैसा त्यांच्या खात्यावर जाणार, की शहरातला ठेकेदार येऊन जागा भाड्याने घेणार? तोडणीच्या धांदलीत पाहुण्यांकडे बघणार कोण? शासनाच्या धोरणात एकट्या शेतकऱ्याबरोबर सहकारी संस्थांनाही असे केंद्र काढता येते. तेव्हा दहा-वीस सभासदांनी मिळून काढण्याचाही विचार व्हावा, असे आम्हास वाटते.

ज्या सभासदांना यात रस असेल त्यांनी आपली जमीन, पाण्याची सोय आणि घरातली माणसे किती, हे साध्या कागदावर लिहून गट ऑफिसात किंवा आपल्या चिटबॉयकडे द्यावे. अर्ज पुरेसे आले तर हंगाम संपल्यावर एक बैठक घेऊ.