आधी जागा, मग जनसुनावणी

गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातील मिठी वीरडी येथे अणुवीज प्रकल्प उभारण्यास केंद्र सरकारने 2009 मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली ती मार्च 2013 मध्ये. आंबा, चिकू आणि भुईमूग पिकवणाऱ्या त्या परिसरातील ग्रामस्थ ही सुनावणी अर्धवट सोडून निघून गेले. अशा विरोधाचे खापर किरणोत्साराच्या अनाठायी भीतीवर फोडण्याची आपल्याकडे रीत आहे. मला मात्र मधली चार वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात.

अणुऊर्जेला माझा विरोध नाही. कोळशावर विसंबून असलेल्या देशाला तिची गरज आहे. 2047 पर्यंत शंभर गिगावॉटचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले आहे आणि सध्याची क्षमता त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नाही. तेव्हा नव्या जागा लागणारच; त्या कोणाला विचारून ठरतात, हे पाहिले पाहिजे.

अणुऊर्जा विभागाची स्थळ-निवड समिती भूकंपाचा धोका, पाणी, जमीन आणि लोकवस्ती तपासून शिफारस करते. तत्त्वतः मान्यता मिळाल्यावर प्रकल्पकर्त्यानेच नेमलेली सल्लागार संस्था पर्यावरणीय परिणामांचा अहवाल तयार करते. त्याचा मसुदा घेऊन राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ लोकांसमोर येते, तोवर जागेचा निर्णय होऊन गेलेला असतो. 2006 च्या अधिसूचनेनुसार सुनावणी घेणाऱ्यांना प्रकल्प नामंजूर करण्याचा अधिकारही नाही. लोकांचे म्हणणे नोंदवून पुढे पाठवणे एवढेच त्यांचे काम.

निकषांतही एक गोम आहे. नियामक मंडळाच्या जुन्या संहितेनुसार पाच किलोमीटरच्या परिघात वीस हजारांहून कमी वस्ती असणे इष्ट. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच. पण विरळ वस्ती म्हणजे बहुधा कोळ्यांचा किनारा, नाहीतर बांसवाड्यासारखा आदिवासी पट्टा. ज्यांची मते थोडी, त्यांच्याच दारात अणुभट्टी येते.

माहिती मागितली तरी मिळत नाही. तामिळनाडूतील कुडनकुलमचे स्थळ-मूल्यांकन आणि सुरक्षा-विश्लेषण अहवाल खुले करावेत, असा आदेश केंद्रीय माहिती आयोगाने 2012 मध्ये दिला. अणुऊर्जा महामंडळाने त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली.

स्थळ-निवड समितीचा अहवाल, नाकारलेल्या पर्यायी जागांच्या कारणांसह, तत्त्वतः मान्यतेपूर्वीच स्थानिक भाषेत ग्रामसभेपुढे ठेवावा, असे मला वाटते. सुरक्षेच्या दृष्टीने गोपनीय तपशील वगळावा. भूगर्भ, पाणी आणि विस्थापन यांत गुपित ते काय? यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. विभाग ते आजही करू शकतो. वेळ जाईल हे खरे, पण आजच्या पद्धतीने तरी कोणता वेळ वाचला?

पश्चिम बंगालमध्ये नव्या राज्य सरकारने 2011 मध्ये हरिपूरच्या प्रकल्पाला नकार दिला. मिठी वीरडीच्या सहा अणुभट्ट्या 2016 मध्ये आंध्र प्रदेशातील कोव्वाड्याला हलवण्याचे ठरले. श्रीकाकुलमच्या किनाऱ्यावरील ही जागा तोवर दुसऱ्या एका अमेरिकी कंपनीच्या भट्ट्यांसाठी राखून ठेवलेली होती. आणि त्यानंतरही संसदेत दिलेल्या उत्तरांमध्ये, तत्त्वतः मान्यता मिळालेल्या स्थळांच्या यादीत मिठी वीरडी आणि हरिपूर ही नावे येतच राहिली.