हार्ट फेल म्हणजे काय, आणि धोका आधी कसा ओळखायचा?



"अमक्याचं हार्ट फेल झालं" असं कुणी सांगितलं, की माणूस गेला असाच अर्थ आपण घेतो. डॉक्टरांच्या भाषेत मात्र हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदय चालू असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलायला कमी पडतं. मग अंगात पाणी साचतं. पायावर सूज येते, थोडं चाललं की दम लागतो, आडवं झालं की श्वास कोंडतो. आपण याला "दगदग झाली", "वय झालं" म्हणतो आणि महिने निघून जातात. लवकर कळलं तर औषधांनी बराच फरक पडतो.

धोका कसा मोजतात?

गटात कर्ज देताना आपण एकच गोष्ट बघत नाही. बचत, हजेरी, आधीची परतफेड, सगळं मिळून अंदाज बांधतो. डॉक्टरही तसंच करतात. वय, बीपी, शुगर, वजन, तंबाखू, किडनीचं काम, आधी आलेला हार्ट अटॅक हे सगळं एकत्र बघतात. यातलं बीपी सर्वात फसवं, कारण ते वाढलं तरी बहुतेकदा काही त्रास होत नाही. १४०/९० किंवा त्याहून जास्त आकडा पुन्हा पुन्हा येत असेल तर उपचार घ्यायलाच हवेत.

आशाताईंचा सीबॅक फॉर्म

तिशीनंतरच्या प्रत्येकाचा हा फॉर्म आशाताई भरून घेतात. तो फक्त हृदयासाठी नाही, पण सुरुवात इथूनच होते. ५० ते ५९ वय असेल तर ३ गुण. रोज तंबाखू किंवा मिसरी, २ गुण. बाईची कंबर ८१ ते ९० सेंमी असेल तर १ गुण. म्हणजे रोज मिसरी लावणाऱ्या, ८४ सेंमी कंबर असलेल्या ५२ वर्षांच्या ताईंचे झाले ६. गुण ४ च्या वर गेले, की तपासणी आधी करायची. म्हणून फॉर्म भरताना मिसरी लपवू नका. तीही तंबाखूच आहे.

रक्त काय सांगतं?

हृदयावर ताण आला, त्याच्या भिंती ताणल्या गेल्या, की हृदय एक पदार्थ रक्तात सोडतं. तो मोजण्याच्या तपासणीला बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी म्हणतात. दवाखान्यात चालत आलेल्या पेशंटचा एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या खाली असेल, तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी धरतात. आकडा जास्त आला म्हणून लगेच घाबरायचं नाही. वय जास्त असलं, किडनी कमजोर असली तरी तो वाढतो. उलट लठ्ठ व्यक्तीत तो कमी दिसू शकतो. म्हणून पुढे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात. ट्रोपोनिन नावाची दुसरी तपासणी हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगते. या तपासण्या सगळ्यांना लागत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं तरच करा. स्वतःहून लॅबमध्ये पैसे घालू नका.

बाळंतिणीकडे लक्ष द्या

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत काही जणींचं हृदय कमजोर पडतं. घरातली सून "झोपलं की दम लागतो" म्हणत असेल तर तिला बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणून गप्प बसवू नका.

आता काय करायचं?

पुढच्या बैठकीला शिलाईची टेप आणा आणि आशाताईंना बोलवा. तिशीपुढच्या सगळ्या जणींचे फॉर्म भरून घेऊ. बीपी-शुगर आरोग्य उपकेंद्रात तपासतात. पुढची तपासणी लागली तर चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय, आपली मिनी घाटी, जवळच आहे. बीपीची गोळी चालू असेल तर "आता बरं वाटतंय" म्हणून मनाने बंद करू नका.

आणि पायावर बोट दाबल्यावर खड्डा राहत असेल, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं असेल, तर बैठकीची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. बसल्या जागी दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ १०८ ला फोन लावा. घरातली कामं थोडी थांबली तरी चालतील.

तुमची,
क्षेत्र समन्वयक