घरात मराठी, शाळेत गुजराती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बडोद्यातल्या मराठी घरांत मूल शाळेत जाऊ लागलं की सल्ले सुरू होतात. गुजरातमध्ये 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे, जोडीला इंग्रजी-हिंदी. मग कुणीतरी सुचवतं, ‘घरातलं मराठी बंद करा.’ हा सल्ला ऐकण्याआधी भाषा-अभ्यासकांना काय आढळलं, ते पाहायला हवं.

गैरसमज : अनेक भाषा कानावर पडल्या की मूल मागे पडतं.

वस्तुस्थिती : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही संशोधकही असंच मानत. पण त्यांच्या अनेक चाचण्यांत मुलांच्या आर्थिक-सामाजिक परिस्थितीतला फरक नीट धरलेला नव्हता. 1962 साली एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी मॉन्ट्रियलमध्ये सारख्या थरातली दहा वर्षांची मुलं तपासली. द्विभाषिक मुलं सरस ठरली. फायदा नेमका किती, यावर आजही वाद आहे. पण दोन भाषांमुळे बुद्धीचं नुकसान होतं, हा समज टिकलेला नाही. बोलायला खरोखरच उशीर होत असेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवावं. घरची भाषा तोडणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

गैरसमज : भाषांची सरमिसळ म्हणजे एकही भाषा धड येत नाही.

वस्तुस्थिती : ‘आई, मला पाणी आप ना,’ असं मूल म्हणतं, तेव्हा ‘आप’ गुजराती असतं; पण ‘मला’चं ‘मने’ होत नाही. शब्द उसना घेतला, बांधणी मराठीच राहिली. शाना पॉपलॅक यांनी न्यूयॉर्कमधल्या प्वेर्तो रिकन लोकांचं बोलणं अभ्यासून 1980 साली दाखवलं, की एकाच वाक्यात सहजपणे भाषा बदलणारे बहुतेक जण दोन्ही भाषांत तरबेज होते. म्हणून रागावू नये. ‘देते हं पाणी,’ एवढं म्हटलं तरी योग्य क्रियापद मुलाच्या कानावर पडतं.

गैरसमज : लहानपण सरलं की नवी भाषा येत नाही.

वस्तुस्थिती : उच्चारांत लहान वयाचा फायदा दिसतो, हे खरं. पण नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांच्या 1978 च्या अभ्यासात सुरुवातीला सर्वांत झपाट्याने शिकली ती 12 ते 15 वर्षांची मुलं. तीन ते पाच वर्षांची चिमुरडी मागे होती. बडोद्याला तर घरचंच उदाहरण आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव 1875 साली दत्तक आले, तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मराठी लिहायला-वाचायला आणि गुजराती, उर्दू, इंग्रजी या भाषा ते त्यानंतर शिकले. तेच महाराजा सयाजीराव.

गैरसमज : मराठीत घालवलेला वेळ इंग्रजी-गुजरातीतून वजा होतो.

वस्तुस्थिती : कॅनडातले जिम कमिन्स यांनी 1979 साली मांडलं, की एका भाषेत पक्की झालेली वाचनाची समज आणि विचार मांडण्याची क्षमता दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते. मराठीत गोष्ट ऐकून तिचा कार्यकारणभाव सांगता येणारं मूल गुजरातीत शून्यापासून सुरुवात करत नाही.

गैरसमज : मराठी घरचीच आहे, ती आपोआप येईल.

वस्तुस्थिती : हा समज सर्वांत महागात पडतो. शाळा, मैदान, बाजार आणि मोबाइल गुजराती, हिंदी व इंग्रजीला वेळ देतातच. मराठीला तो घरानेच द्यावा लागतो. रोज मराठीत गप्पा, एखादी वाचून दाखवलेली गोष्ट, आजीशी फोनवर निवांत बोलणं आणि देवनागरीशी नियमित ओळख एवढं तरी हवंच. बडोद्यात गुजराती उत्तम यायलाच हवी. त्यासाठी मराठीचा बळी देण्याची काहीही गरज नाही.