आग्रा रोडवर टीबीचा कोर्स

मध्य रेल्वेची लोकल कसाऱ्याला संपते आणि आग्रा रोडवरचे ट्रक कसाऱ्यापासून घाट चढू लागतात. कसारा, खर्डी, वाशिंद, शहापूर या पट्ट्यातली कितीतरी माणसं भिवंडी-पडघ्याच्या गोदामांतून माल भरतात आणि नाशिक, धुळे, सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर अशी लाईन मारतात. त्यांच्यापैकी कुणाला टीबी, म्हणजे क्षयरोग झाला तर पुढे काय करायचं, ते इथे क्रमाने सांगतो. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि साधा टीबी सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. खरी अडचण वेगळीच आहे. उपचार एका गावात नोंदलेला असतो आणि रुग्ण एका आठवड्यात दोन-तीन राज्यांतून फिरून येतो.

सुरुवात संशयापासून करू. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, उतरत जाणारं वजन, कधी बेडक्यात रक्त, ही टीबीची नेहमीची लक्षणं. ड्रायव्हरकडे प्रत्येकाचं कारण तयार असतं. खोकला धुरामुळे, घाम केबिनच्या उकाड्यामुळे, वजन ढाब्याच्या खाण्यामुळे, थकवा जागरणामुळे. ही कारणं खोटीही नसतात, म्हणून तर आजार इतका काळ लपून राहतो.

बहुतेकांचं पहिलं चुकतं ते इथेच. हायवेवरच्या मेडिकलमधून खोकल्याचं औषध आणि सोबत एखादी जोरकस अँटिबायोटिक घेतली जाते. लिव्होफ्लॉक्सासिनच्या जातीची गोळी असेल तर टीबीचे जंतू थोडे दबतात, चार दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं. शिवाय खोकल्याच्या कित्येक सिरपांनी गुंगी येते. भरलेली गाडी घेऊन कसारा घाट उतरणाऱ्या माणसाने ते पिणं म्हणजे वेगळाच धोका. दोन आठवडे झाले की मेडिकल सोडावं आणि दवाखाना गाठावा.

तपासणीसाठी कसाऱ्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र, खर्डीचं ग्रामीण रुग्णालय किंवा शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय. लोकलने शहापूरला जायचं तर आसनगावला उतरावं लागतं, हे बाहेरगावच्या नातेवाइकांना आधी सांगून ठेवा.

तिथे बेडक्याचे दोन नमुने मागतात. एक त्याच वेळचा, दुसरा सकाळी उठल्याउठल्याचा. नमुना म्हणजे थुंकी नव्हे. चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून जे घट्ट येईल ते डबीत टाकायचं. नुसती लाळ दिली तर टीबी असूनही तपासणीत दिसत नाही आणि आपण निर्धास्त होऊन गाडीवर जातो. हल्ली नमुना ट्रूनॅट किंवा सीबीनॅट या यंत्रावर तपासतात. जंतू आहेत का हे त्यातून काही तासांत कळतं. रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यांच्यावर चालेल का, हेही कळतं.

नमुना एका ठिकाणी दिला तरी तपासणी दुसरीकडे होऊ शकते, म्हणून निकालाला थोडा वेळ लागतो. याच वेळात माणूस खेप घेऊन निघून जातो. निकाल येतो तेव्हा फोन सेंधव्याच्या घाटात रेंजबाहेर असतो. म्हणून नोंदणीच्या वेळी आपल्या नंबरबरोबर घरच्या माणसाचाही नंबर द्या आणि निकाल हातात येईपर्यंत लांबची खेप घेऊ नका.

टीबी निघाला की नाव ‘निक्षय’ या केंद्र सरकारच्या संगणकीय नोंदणीत चढतं आणि एक निक्षय क्रमांक मिळतो. हा क्रमांक लायसन्सच्या पाकिटात ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढा, घरीही लिहून ठेवा. लाईनच्या माणसाला कागदांतला हा सगळ्यांत महत्त्वाचा कागद. क्रमांक देशभर चालतो. मध्य प्रदेशातल्या सरकारी दवाखान्यातही त्यावरून आपला आजार, सुरू असलेली औषधं आणि उपचाराची तारीख काढता येते. खासगी डॉक्टरकडे उपचार घेत असाल तरी ही नोंद व्हायलाच हवी. २०१२ पासून टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे.

याच वेळी रक्तातली साखर आणि एचआयव्ही यांचीही तपासणी होते. दुसऱ्या तपासणीला बरेच जण बिचकतात, ‘ड्रायव्हर म्हणून संशय घेतात’ असं वाटतं. तसं नाही. ही तपासणी टीबीच्या प्रत्येक रुग्णाची करतात, शिक्षकाचीही आणि सरपंचाचीही. निकाल गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. साखर आधीपासून असेल तर त्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा, कारण रिफाम्पिसिनमुळे साखरेच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो.

आता औषधं. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल ही चार औषधं एकाच गोळीत असतात. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून बाकीची तीन. दिवसाच्या गोळ्या वजनावर ठरतात: ३५ ते ४९ किलोला ३, ५० ते ६४ किलोला ४, ६५ ते ७५ किलोला ५. काट्यावर गाडीचं वजन किलोपर्यंत तोंडपाठ असणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन मात्र सांगता येत नाही. ते दर महिन्याला करून घ्या. खाणं सुधारून वजन पुढच्या गटात गेलं तर गोळ्याही बदलाव्या लागतात.

पहिले दोन आठवडे गाडीवर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. या काळात खोकल्यातून जंतू सर्वांत जास्त पसरतात. औषध नीट लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत लागण करण्याची शक्यता बरीच घटते. शिवाय मळमळ आणि अशक्तपणा याच दिवसांत जास्त. पहिले दोन महिने घरी राहता आलं तर उत्तमच. ते बहुतेकांना परवडत नाही, हे खरं. मग मालकाकडे भिवंडी-नाशिकसारखी जवळची लाईन मागावी. सकाळी गेलेला माणूस रात्री घरी येतो, गोळी चुकत नाही आणि त्रास झाला तर दवाखाना जवळ असतो.

मालकाला सांगावं की लपवावं? सांगावं, असंच मी म्हणेन. लपवलं की रजा मागता येत नाही, चारचौघांत गोळी घेता येत नाही आणि मधेच माणूस औषध सोडतो. टीबी झाला म्हणून लायसन्स आपोआप जात नाही. अवजड गाडीच्या लायसन्सचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी असतं. तेव्हा नमुना १-अ म्हणजे डॉक्टरांचा दाखला लागतो आणि त्यात गाडी चालवण्याची तब्येत आहे का, एवढंच पाहिलं जातं.

लांबची लाईन पुन्हा सुरू करायची वेळ आली की निघण्याआधी दोन कामं करा. पहिलं, आपल्या केंद्रातल्या उपचार पर्यवेक्षकाला, म्हणजे टीबीच्या रुग्णांचा पाठपुरावा करणाऱ्या कर्मचाऱ्याला, मार्ग आणि परतायचा अंदाज सांगा. दुसरं, खेपेला लागतील त्याहून किमान आठवडाभराच्या जास्त गोळ्या मागून घ्या. गाडी खाली व्हायला दोन दिवस लागतात, परतीचा माल मिळायला आणखी दोन, हे आपल्याला ठाऊक आहे. दवाखान्यातल्या माणसाला ते सांगितल्याशिवाय कळत नाही. २०२४ मध्ये देशभर टीबीच्या काही औषधांचा तुटवडा झाला होता. शेवटची पट्टी संपेपर्यंत थांबू नये, याला हेही एक कारण.

महिना-दोन महिने दुसऱ्याच गावी मुक्काम पडणार असेल तर निक्षयवर नोंद त्या गावच्या केंद्राकडे बदलून घेता येते. न सांगता निघून गेलात तर कसाऱ्याच्या नोंदीत आपण ‘उपचार सोडलेला रुग्ण’ ठरता आणि आशाताई घरी चौकशीला येतात. वाटेत गोळ्या हरवल्या, भिजल्या किंवा संपल्या तर १८००-११-६६६६ या निक्षयच्या मोफत क्रमांकावर फोन करा किंवा वाटेतल्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात निक्षय क्रमांक दाखवा.

गोळीची वेळ जागेवर नव्हे, घड्याळावर ठरवा. ‘नाशिक गेलं की घेतो’ असं ठरवलं आणि गाडी घाटात अडकली की गोळी राहिली. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, ही सर्वांत सोयीची वेळ. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर थोडं खाऊन घेतली तरी चालेल, पण घ्यायचीच. सकाळी विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी दुप्पट मात्र घेऊ नका.

गोळ्या डॅशबोर्डवर ठेवू नका. काचेतून येणारं ऊन आणि बंद केबिनची उष्णता यांनी औषध खराब होतं. पट्टी न फोडता, झाकणाच्या डब्यात, सीटच्या मागे कपड्यांच्या पिशवीत ठेवा. पावसाळ्यात डबा ओल्या ताडपत्रीजवळ नको.

औषधांचे त्रास सगळ्यांना होत नाहीत, पण ओळखता आले पाहिजेत. लघवी नारिंगी-लाल होते, ती रिफाम्पिसिनमुळे. रस्त्याच्या कडेला पहिल्यांदा पाहून माणूस हादरतो आणि त्याच दिवशी औषध सोडतो, तेही विनाकारण. हातापायांना मुंग्या आल्या तर केंद्रात सांगा, ब-६ जीवनसत्त्वाची गोळी देतात. सांधे दुखू शकतात. पण सतत उलट्या, डोळे पिवळे आणि भूक साफ मेली, तर तो यकृताचा, म्हणजे लिव्हरचा त्रास. अशा वेळी गोळ्या थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कोर्स चालू असताना दारू पूर्ण बंद ठेवायची तीही यासाठीच, कारण या गोळ्यांचा भार लिव्हरवर आधीच असतो.

ड्रायव्हरने सर्वांत जपायचं ते डोळ्यांना. इथाम्ब्युटॉलमुळे क्वचित डोळ्यांची नस बिघडते. नजर धूसर होते किंवा लाल आणि हिरवा रंग वेगळा कळेनासा होतो. सिग्नल, समोरच्या गाडीचे ब्रेकलाइट, घाटातले लाल दिवे यांच्यावर ज्याचा जीव अवलंबून आहे त्याने हे हलक्यात घेऊ नये. दर काही दिवसांनी एक-एक डोळा झाकून कॅलेंडरवरचे लाल आकडे बघा. फिके किंवा तपकिरी दिसू लागले तर गाडी उभी करा, मालकाला दुसरा ड्रायव्हर पाठवायला सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. वेळेत औषध थांबवलं तर नजर बहुतेकदा परत येते. उशीर झाला तर येईलच असं नाही.

खोकताना ताजं लाल रक्त येऊ लागलं तर ‘कसारा जवळच आहे’ म्हणून घाट उतरू नका. गाडी कडेला घ्या, चारी इंडिकेटर लावा आणि १०८ ला फोन करा.

क्लीनरचा विचार सहसा कुणी करत नाही. घरच्यांची तपासणी होते, पण आपला खोकला सर्वांत जास्त तास सोसतो तो केबिनमध्ये शेजारी झोपणारा मुलगा. त्यालाही तपासणीला न्या. टीबी हवेतून पसरतो, एका ताटात जेवल्याने नाही. पहिल्या दिवसांत काच उघडी ठेवणं, तोंडावर रुमाल बांधणं आणि त्याने वेगळं झोपणं याला मोल आहे. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. उन्हाळ्यात ते सुखाचंच, पण आतलीच हवा फिरवणारा एसी आणि खोकणारा माणूस ही जोडी वाईट. एसी लावलाच तर बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू ठेवा. घाटात धुकं आणि पाऊस असताना काच बंद करावी लागते, तेव्हा तर नक्कीच. घरच्यांना टीबी नाही अशी खात्री झाल्यावर त्यांना प्रतिबंधक गोळ्याही मिळतात. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत त्या टाळू नका.

पैशाचं काय? निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपयांच्या हिशेबाने पैसे बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी हे ५०० होते. अधिसूचित आदिवासी भागातल्या रुग्णाला एकदाच ७५० रुपये वेगळे मिळतात. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली बरीच गावं या भागात येतात, तेव्हा विचारून घ्या. पैसे अडकतात ते बहुधा खात्यामुळे: आधार जोडलेलं नसतं किंवा खातं वापराविना बंद पडलेलं असतं. पहिल्याच आठवड्यात बँकेत जाऊन बघा.

मालक मोठा ट्रान्सपोर्टवाला असेल आणि पगार महिना २१,००० रुपयांच्या आत असेल तर राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय कापला जातो का ते पगाराच्या कागदावर पाहा. कापला जात असेल तर आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळू शकतं. टीबी दीर्घ आजारांच्या यादीत असल्याने, सलग दोन वर्षं विम्याखाली नोकरी झालेल्याला पुढेही, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत, ८० टक्के दराने लाभ मिळू शकतो. फेरीवर पैसे घेणाऱ्या बहुतेकांना हे नसतं, हे कडू असलं तरी खरं आहे. गाडी स्वतःची आणि हप्त्यावर असेल तर हप्ता थकण्याआधी फायनान्सवाल्याशी बोला. थकल्यावर तो ऐकायच्या मनःस्थितीत नसतो.

दोन महिन्यांनी बेडका पुन्हा तपासतात. बहुतेक कोर्स बिघडतात ते याच्या आसपास. खोकला थांबलेला असतो, वजन वाढलेलं असतं, खेपांची मागणी असते आणि गोळी ‘आता कशाला’ वाटू लागते. मेलेत ते जंतू बहुतेक, सगळे नव्हे. अर्ध्यावर सोडलं की उरलेले औषधाला दाद न देणारे होऊ शकतात आणि मग उपचार अवघड, त्रासाचे आणि जास्त काळ गाडीबाहेर ठेवणारे होतात.

सहा महिने पूर्ण झाल्यावर शेवटची तपासणी होते आणि बरे झाल्याची नोंद निक्षयवर चढते. त्यानंतरही दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी एकदा दाखवायला बोलावतात. तारखा केंद्रातून लिहून घ्या आणि मालकाला महिनाभर आधी सांगा, म्हणजे त्या दिवशी ग्वाल्हेरची खेप माथी पडणार नाही. खोकला नसला तरी जायचं. बेडका येतच नसेल तर डॉक्टर छातीचा फोटो बघून ठरवतात.