गाणे तोंडी का बसते?

गेल्या माघात ताईचा नवस फेडायला आम्ही मोरगावला गेलो. बरोबर तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, होता. हा मुलगा गाणी रचतो, स्वतःच चाली लावतो आणि गातोही. सहा महिने खपून तयार केलेले एक गाणे त्याने नुकतेच यूट्यूबवर टाकले होते. पुण्याहून निघाल्यापासून जेजुरी येईपर्यंत त्याने मोबाइलवर तीनदा आकडा पाहिला. तिन्ही वेळा तो २१२ च होता.

"मामा, मी हा नाद सोडणार," तो म्हणाला. "तुम्ही मराठी शिकवता ना? मग सांगा, एखादं गाणं गावभर होतं आणि एखादं घराबाहेरही पडत नाही, असं का?"

वर्गात कुणी विचारले असते तर चार पारिभाषिक शब्द फेकून मी वेळ मारून नेली असती. भाच्यापुढे ती सोय नसते. शिवाय माझी एक अडचण होती. 'लोकप्रिय' हा शब्द मी वर्गात नेहमीच थोडा नाक मुरडून उच्चारत आलो आहे. जे फार गाजले ते हलकेच असणार, असा आम्हा प्राध्यापकांचा एक समज असतो. मी नुसते "बघू" म्हणालो.

मोरगाव हे कऱ्हाकाठचे गाव. मयूरेश्वराचे देऊळ दुरून एखाद्या गढीसारखे दिसते. भोवती उंच तट आणि चार कोपऱ्यांना चार मिनार. शंकराचा नंदी येथे गणपतीसमोर ठाण मांडून बसला आहे. अष्टविनायकांची यात्रा येथूनच सुरू होते. आणि परंपरा असे सांगते की, 'सुखकर्ता दुःखहर्ता' ही आरती समर्थ रामदासांना या मयूरेश्वराच्या दर्शनानेच स्फुरली.

आम्ही पोचलो तेव्हा नेमकी आरतीच चालू झाली. शेतकरी, पुण्यामुंबईची बिऱ्हाडे, कडेवरची पोरे, सारे एका सुरात, निदान एका तालात, म्हणू लागले. कुणाच्या हाती कागद नव्हता. मी भाच्याला म्हटले, "हे बघ तुझं गावभर झालेलं गाणं! सतराव्या शतकातलं आहे आणि अजून उतरणीला लागलेलं नाही."

वाचकहो, या आरतीकडे क्षणभर नुसते गाणे म्हणून पाहा. शब्द काही फारसे सोपे नाहीत. 'फणिवरबंधना' म्हणजे कमरेला नाग बांधलेला; पण कित्येक घरांत तेथे खुशाल 'फळीवर वंदना' म्हटले जाते! तेव्हा अर्थ कळला म्हणून गाणे रुजते, असे म्हणता येत नाही. मग रुजते कशाने? ओळी साधारण एका मापाच्या आहेत. टाळी कोठे पडायची ते सांगावे लागत नाही. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद परत येते आणि मधले कडवे विसरलेला माणूसही तेथे आवाज चढवून सामील होतो. ऐकणाऱ्याला या गाण्यात काहीतरी काम आहे. 'सैराट'मधले २०१६ चे 'झिंगाट' घ्या. उजनीच्या पाण्यापलीकडच्या करमाळ्याकडचा तो चित्रपट. पण अजय-अतुलच्या त्या चालीने साऱ्या महाराष्ट्राच्या वरातींना नाचवले. एक गाणे हातांना काम देते, दुसरे पायांना.

पण एवढ्याने भागत नाही. गाणे पुनःपुन्हा कानांवर यावे लागते, आणि तेही ठरल्या वेळी. आरतीला देवघराने ती वेळ दिली; 'गीतरामायणा'ला पुणे आकाशवाणीने दिली. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, त्यातले पहिले गीत लागले. शुक्रवारी सकाळी नवे गीत आणि शनिवार-रविवारी तेच पुन्हा, असा क्रम होता. पुण्याची वर्तमानपत्रे शब्द छापू लागली. अधिक महिना आला म्हणून गीते वाढून छप्पन्न झाली. गदिमांची प्रतिभा आणि बाबूजींची चाल यांना तोड नव्हतीच. पण कथा घराघराला ठाऊक आणि वेळ पक्की, हेही तितकेच खरे. रेडिओला हार घालून लोक ऐकायला बसत, ही आठवण अनेक घरांत सांगितली जाते.

याच्या उलट एक गंमत पाहा. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्यात जन्मलेले गृहस्थ १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झाले. चित्रपटगीते त्यांना हलकी वाटत. ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी मुकाट्याने काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला! त्याच वर्षअखेरीस तेथे अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. गाण्यांना पायऱ्या मिळाल्या आणि कोणते गाणे कितव्या पायरीवर, याची चर्चा घरोघर होऊ लागली. केसकरांच्या नावाने हसताना मला माझे मुरडलेले नाक आठवते.

या पायऱ्यांतच तिसरी मेख आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४८ अपरिचित गाणी घेतली आणि इंटरनेटवरून १४ हजारांहून अधिक श्रोत्यांना ऐकवली. काहींना केवळ गाणी दिली. बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले आणि आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले, हे त्यांना दाखवले. आकडे दिसताच गाजलेली गाणी आणखी गाजली, मागे पडलेली आणखी मागे पडली. आणि एका गटात वर गेलेले गाणे दुसऱ्या गटात तसेच वर जाईल, याचा भरवसा उरला नाही. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, सुमार गाणी सहसा डोक्यावर चढली नाहीत. पण मधल्यांचे काहीही होऊ शकत होते.

देवळाच्या पायऱ्या उतरताना हे सारे मी भाच्याला सांगितले.

"म्हणजे नशीबच ना?" तो म्हणाला.

"नशीब आहेच. गर्दी तुझ्या हातात नाही, वेळही फारशी नाही. पण गाण्यात दुसऱ्याला जागा ठेवणं, हे तर तुझ्या हातात आहे? तुझ्या गाण्यात हरकती सुरेख आहेत रे, पण मला कुठे शिरायलाच मिळत नाही. आणि दोनशे बारा हा गर्दीचा आकडा आहे, तुझ्या गळ्याचा नव्हे."

तो काही बोलला नाही. त्याला पटले की नुसते वाईट वाटले, मला कळेना. परतीच्या वाटेवर ताईने त्याला तेच गाणे म्हणायला सांगितले. आढेवेढे घेत तो म्हणू लागला. दुसऱ्या कडव्यापाशी ताई एकदम म्हणाली, "थांब, ते मधलं पुन्हा म्हण रे."

त्याने पुन्हा म्हटले. तिसऱ्यांदा ताईने हळूच सूर लावला. सासवड येईपर्यंत ती ओळ मलाही येऊ लागली होती, आणि मोबाइल मात्र भाच्याच्या खिशातच होता.